प्राध्यापकांना मेल आणि परदेशातल्या पीएचडीचा अर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी गणपती उठले की हे प्रश्न यायला लागतात, आणि दिवाळीत तर फोन खाली ठेवायची सोय नसते. मी अमेरिकेत एका केमिकल इंजिनिअरिंग विभागात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक आहे. आमच्या सरांना येणारे मेल बरेचदा आधी माझ्याकडे येतात, त्यामुळे कुठला मेल वाचला जातो आणि कुठला तसाच पडून राहतो ते रोज दिसतं. पुढची उत्तरं मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीतल्या अमेरिकन पीएचडीबद्दल आहेत. इतर देशांत जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

अर्ज करण्याआधी प्राध्यापकांना मेल करावाच लागतो का?

विषयावर आणि देशावर अवलंबून आहे. हे आधी समजून घेतलं तर निम्मी मेहनत वाचते.

अमेरिकेत जीवशास्त्राच्या बऱ्याच विभागांत प्रवेश समिती देते. पहिल्या वर्षी विद्यार्थी तीन-चार प्रयोगशाळांत काही आठवडे काम करतो, त्याला रोटेशन म्हणतात, आणि मग गाईड ठरतो. तिथे आधी मेल केल्याने फारसं काही हलत नाही. शुद्ध गणित आणि अर्थशास्त्रातही तेच. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, मटेरियल्स, पर्यावरण या विषयांत मात्र तुमचा पगार बहुतेकदा प्राध्यापकाच्या प्रोजेक्टमधून निघतो. त्याला तुम्ही हवे असाल तर तो समितीला तसं सांगतो. इथे मेलला अर्थ आहे.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात बऱ्याच ठिकाणी गाईड तयार असल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. ब्रिटनमध्ये संशोधनाचा आराखडा बहुधा गाईडशी बोलून ठरवावा लागतो. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इथे पीएचडी ही बहुतांशी नोकरीच असते. जागा निघते, जाहिरात येते, त्या जाहिरातीला अर्ज करायचा. जर्मन प्राध्यापकाला ‘तुमच्याकडे जागा आहे का’ असा मेल करण्याआधी त्याच्या पानावर जागेची जाहिरात लागली आहे का ते बघा. लागली असेल आणि तुम्ही ती न वाचता मेल केला असेल, तर तेवढ्यावरच विषय संपतो.

मेल कधी करायचा?

पुढच्या ऑगस्टला सुरू होणाऱ्या अमेरिकन प्रवेशासाठी ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर. बहुतेक पीएचडीची मुदत १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असते, काहींची जानेवारीपर्यंत जाते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येतं, त्या आठवड्यात कुणी काही वाचत नाही. डिसेंबरमध्ये परीक्षा आणि पेपर तपासणी. मंगळवार-बुधवारी, त्यांची सकाळ धरून पाठवा. न्यूयॉर्कची सकाळ साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपली संध्याकाळ सात आणि नोव्हेंबरपासून रात्री आठ. मुहूर्त बघायची गरज नाही, पण रविवारी रात्री पाठवलेला मेल सोमवारच्या ढिगाऱ्याखाली जातो.

कोणाला पाठवायचा, आणि किती जणांना?

पन्नास जणांना एकच मेल पाठवणारे खूप आहेत. त्या पन्नासांपैकी एकालाही तो आपल्यासाठी लिहिलाय असं वाटत नाही. आठ-दहा जण निवडा, पण नीट निवडा.

निवडायचं कसं? गाजलेला पेपर दहा वर्षांपूर्वीचा असेल तर ते काम कदाचित बंदही झालं असेल, म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर बघा. मग लॅबचं पान उघडा. तिथे ‘होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांसाठी’ असा भाग असतो. ‘मला मेल करू नका, थेट अर्ज करा’ असं लिहिलं असेल तर ते खरं माना. ‘मेलच्या विषयात अमुक शब्द लिहा’ असंही काही जण लिहून ठेवतात. तो शब्द नसलेले मेल ते उघडत नाहीत.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत सरकारी पैशातून मिळालेले प्रोजेक्ट सगळ्यांना बघता येतात. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या संकेतस्थळावर अवॉर्ड सर्च आहे, आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं (एनआयएच) रिपोर्टर आहे. प्राध्यापकाचं नाव टाका. प्रोजेक्टचा सारांश, रक्कम, सुरुवात आणि शेवटची तारीख सगळं दिसतं. प्रोजेक्ट या वर्षी सुरू झाला असेल तर माणसं लागणार. पुढच्या वर्षी संपणार असेल आणि नवीन काही दिसत नसेल, तर प्राध्यापक कितीही भले असले तरी त्यांच्याकडे तुमच्या पगाराचे पैसे नसण्याची शक्यता जास्त. जर्मनीत संशोधनाला पैसे देणाऱ्या डीएफजी या संस्थेचं गेप्रिस तसंच आहे.

नुकतेच रुजू झालेले असिस्टंट प्रोफेसर उत्तर देण्याची शक्यता जास्त, कारण त्यांना लॅब उभी करायची असते. नावापुढे ‘एमेरिटस’ असेल तर ते निवृत्त आहेत, नवीन विद्यार्थी बहुधा घेत नाहीत. नाव मोठं बघून मेल करण्याची आपल्याकडे फार हौस आहे. मोठ्या नावाच्या लॅबमध्ये पंचवीस माणसं असतात आणि तुमचं काम प्रत्यक्षात माझ्यासारखा पोस्टडॉक बघतो, हेही ध्यानात ठेवा.

मेलमध्ये नेमकं काय लिहायचं?

दीडशे ते दोनशे शब्द. मोबाइलवर एकदा बोट फिरवलं की संपला पाहिजे. एक उदाहरण घेऊ. मजकूर मराठीत सांगते, पाठवायचा अर्थातच इंग्रजीत.

समजा तुम्ही बीईच्या शेवटच्या वर्षाला इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया कारखान्यांतल्या सांडपाण्यातून रंग काढण्याचा प्रोजेक्ट केला आहे. उसाच्या चिपाडापासून कोळसा (बायोचार) बनवून तो गाळणीसारखा वापरला.

विषयाची ओळ : ‘फॉल २०२७ पीएचडी : चिपाडाच्या बायोचारवर रंगशोषण’. फॉल म्हणजे ऑगस्टचा प्रवेश. ‘पीएचडी पोझिशनसाठी विनंती’ असा विषय रोज वीस वेळा येतो.

पहिलं वाक्य : मी कोण, कुठे शिकते, कधीच्या प्रवेशासाठी अर्ज करणार आहे. एवढंच. प्रकृतीची विचारपूस नको, ‘आपला बहुमोल वेळ’ नको.

दुसरा परिच्छेद हा मेलचा जीव. त्यात असं काही हवं : ‘आम्ही चिपाडाचा बायोचार वापरून रिअॅक्टिव्ह रंग काढला. शुद्ध पाण्यात बनवलेल्या द्रावणात तो छान चालला, पण कारखान्याच्या खऱ्या पाण्यात शोषण बरंच घटलं. रंगाईत मीठ भरपूर वापरतात, त्याचा हा परिणाम असावा असं आम्हाला वाटतं, पण ते वेगळं करून तपासता आलं नाही. तुमच्या अलीकडच्या पेपरात स्तंभातले प्रयोग आहेत, त्यात मिठाचं प्रमाण एकच ठेवलेलं दिसलं. ते बदलून पाहिलं आहे का?’

यात काय झालं बघा. तुम्ही खरं काम केलंय हे कळलं, ते कुठे अडलं हे तुम्हाला माहीत आहे हे कळलं, त्यांचा पेपर सारांशापुढे वाचला हेही कळलं. आणि प्रश्न असा विचारला की त्याला दोन ओळींत उत्तर देता येतं. ‘तुमचं संशोधन मला अत्यंत प्रेरणादायी वाटतं’ या वाक्याने यातलं एकही साधत नाही.

शेवटचा परिच्छेद : पुढच्या वर्षी नवीन विद्यार्थी घेणार आहात का? सीव्ही आणि गुणपत्रिका जोडली आहे. नमस्कार-चमत्कार एका ओळीत, खाली नाव, कॉलेज, आणि असेल तर गूगल स्कॉलर किंवा गिटहबचा दुवा.

सीव्ही पीडीएफमध्येच, दोन पानांच्या आत, फाइलच्या नावात तुमचं आडनाव. ‘न्यू सीव्ही फायनल टू’ या नावाची फाइल मी अगणित वेळा पाहिली आहे. जन्मतारीख, धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, फोटो यातलं काही नको. आपल्याकडच्या बायोडेटाची सवय इथे मोडावी लागते.

‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं तर चालेल का?

नका लिहू. ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव, बास. अर्ध्या वेळा समोर मॅडम असतात आणि मेल ‘सर’ला असतो. चिनी, कोरियन नावांत आडनाव कुठलं ते लॅबच्या पानावरून नक्की करा. पहिल्या उत्तरात त्यांनी नुसतं पहिलं नाव लिहून सही केली, तरी तुम्ही पुढच्या मेलमध्ये प्रोफेसरच म्हणा. जर्मनीत तर पदव्यांबाबत ते आपल्याहून कडक आहेत.

मेल चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर?

इंग्रजी तपासून घ्यायला हरकत नाही. अख्खा मेल लिहून घेतलात तर तो तसाच दिसतो, कारण त्याच आठवड्यात तसेच आणखी पंधरा आलेले असतात. सगळ्यांत ‘आपल्या अभूतपूर्व कार्याशी माझी आवड उत्तमरीत्या जुळते’. तुमचं इंग्रजी थोडं अडखळणारं असलं आणि मिठाचा प्रश्न खरा असला, तर आमचे सर तो मेल वाचतात.

उत्तरच आलं नाही. आता?

बहुतेक मेलना उत्तर येत नाही. त्याचा अर्थ नकार असा लावू नका. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्याच मेलखाली, दोन ओळींत. त्यानंतर गप्प बसा आणि विभाग आवडत असेल तर अर्ज करा. बरेच प्राध्यापक मेलला उत्तर देत नाहीत, पण समितीकडे अर्ज आल्यावर नाव ओळखतात.

व्हॉट्सअॅपवर नंबर शोधून मेसेज, लिंक्डइनवर तीनदा विनंती, त्यांच्या विद्यार्थ्यांना ‘सरांना माझं सांगा ना’ हे सगळं टाळा. एकाच विभागातल्या दोघांना मेल करायला हरकत नाही, पण एकाच दिवशी चार जणांना करू नका. ही माणसं जेवताना एकमेकांशी बोलतात.

‘यू आर वेलकम टू अप्लाय’ असं उत्तर आलं. म्हणजे काम झालं का?

नाही. हे सभ्य, ठरावीक उत्तर आहे. ‘अर्जात माझं नाव लिहा’ हे त्याहून थोडं बरं. ‘या आठवड्यात झूमवर बोलू शकाल का’ हे खरं उत्तर. ‘प्रोजेक्टचे पैसे मंजूर होण्यावर अवलंबून आहे’ असं आलं तर ते बहुधा खरंच असतं. त्यांना जानेवारीत एकदा विचारा.

२०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी संशोधननिधीवर अनिश्चितता आली आणि अनेक विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी काही विभागांत थांबवले. त्यामुळे ‘यंदा कुणाला घेत नाही’ हे उत्तर वाढलं आहे. ते तुमच्याबद्दल नाही.

मला केटी आहे. सांगायचं का?

मेलमध्ये नाही. गुणपत्रिकेत दिसणारच आहे. केटी म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं, हे परदेशात कुणाला माहीत नसतं, त्यांना दिसतं ते फक्त नापास आणि नंतर पास. दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात अडकलात आणि नंतरच्या सगळ्या सेमिस्टरांत चढत गेलात, तर एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) एक वाक्य पुरे. कारण आजारपण किंवा घरची अडचण असेल तर ते सांगा, करुण कथा करू नका. ज्या विषयात पीएचडी करायची त्याच विषयात केटी असेल, तर मात्र नंतर केलेलं काम दाखवावं लागेल.

दहापैकी सीजीपीए स्वतःच चारच्या पट्टीवर आणू नका. अर्जात जे आहे ते, जशाच्या तशा पट्टीत लिहा. मुंबई विद्यापीठात किंवा पुण्यात साडेआठ मिळवणं किती अवघड आहे, हे समितीतल्या भारतीय प्राध्यापकांना चांगलं माहीत असतं. इतरांसाठी वर्गातला क्रमांक कळत असेल तर तो लिहा, तो कुठल्याही देशात समजतो.

माझी तीन वर्षांची बीएस्सी आहे. चालेल?

बरीच अमेरिकन विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात, काही तीन वर्षांची स्वीकारतात. प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलच्या पानावर देशानुसार अट लिहिलेली असते, तिथे भारत शोधा. एमएस्सी असेल तर हा प्रश्नच उरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखाली चौथं ऑनर्सचं वर्ष आता मिळतं. त्यात संशोधनाचा प्रकल्प असेल तर एमएस्सीऐवजी तेही उपयोगी पडू शकतं.

शिफारसपत्रं कुणाकडून घ्यायची? सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच उत्तर सगळ्यात नकोसं असतं.

तीन पत्रं लागतात. ती एचओडींकडून, प्राचार्यांकडून किंवा ओळखीच्या आमदारांकडून घ्यायची नसतात. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं त्यांच्याकडून घ्यायची. प्रोजेक्टचे गाईड हे पहिलं नाव. उन्हाळ्यात आयसर, एनसीएल, टीआयएफआर अशा संशोधन संस्थेत किंवा आणखी कुठे इंटर्नशिप केली असेल तर तिथले शास्त्रज्ञ हे दुसरं. वर्गात पुढे बसून प्रश्न विचारलेत, अशा विषयाचे शिक्षक तिसरे. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियातून १९१६ साली लंडनला निघाले, तेव्हा तिथले त्यांचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सिडनी वेब यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं होतं. सेलिग्मन त्यांना तीन वर्षं वर्गात आणि संशोधनात बघत होते, म्हणून त्या पत्राला वजन होतं.

आता ‘तूच लिहून आण’बद्दल. सरांवर वर्गांचा, पेपर तपासणीचा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायलींचा बोजा असतो हे मान्य. तरीही पत्र स्वतः लिहू नका. पकडलं जातं हे एक कारण आहेच. तीन पत्रांत एकच शैली, एकच विशेषणं आणि चुकाही त्याच. दुसरं कारण असं की स्वतःबद्दल लिहिताना तुम्ही सगळं गोल-गोल लिहिता, आणि सरांना आठवत असलेली खरी गोष्ट, उदाहरणार्थ रात्री नऊला लॅबचा शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा तुम्ही अजून टायट्रेशन करत होतात, ती पत्रात येतच नाही. त्याऐवजी सरांना एक पान द्या : कुठल्या वर्षी कुठला विषय शिकलात, किती गुण, प्रोजेक्टमध्ये नेमकं तुम्ही काय केलं, काय बिघडलं आणि ते कसं सोडवलं. सोबत विद्यापीठांची यादी आणि तारखा. सर त्यावरून अर्ध्या तासात पत्र लिहू शकतात. ‘मॅडम, मी तुम्हाला मुद्दे काढून देऊ का, तुम्ही तुमच्या शब्दांत लिहाल?’ असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात.

प्रत्यक्ष गोष्टी :

लेटरहेडवर सही-शिक्का मारून बंद पाकीट देण्याचे दिवस गेले. अर्जात तुम्ही सरांचा मेल पत्ता भरता, त्यांना थेट दुवा जातो. कॉलेजच्या नावाचा मेल पत्ता द्या. जीमेल दिला तर काही विद्यापीठं शंका घेतात. कॉलेजला स्वतःचा मेलच नसेल, तर सरांच्या नावाचं कॉलेजच्या संकेतस्थळावरचं पान दाखवता येतं. दुवा कधी स्पॅममध्ये जातो, म्हणून सरांना आधी सांगून ठेवा.

अर्जात विचारतात, ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडता का?’ हो म्हणा. नाही म्हटलं तर पत्राची किंमत घटते.

पत्रासोबत सरांना एक तक्ता भरावा लागतो, विद्यार्थी वरच्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत. आपले शिक्षक कधी सगळ्यांना वरचा १ टक्का देतात, कधी संकोचाने मधला. दोन्हींनी नुकसान होतं. हे त्यांना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

निदान एक महिना आधी विचारा. विद्यापीठं दहा असतील तर दुवे दहा येतात, एकदम पाठवा. मुदतीच्या दोन दिवस आधी आठवण करा, आणि पत्र गेल्यावर पेढे द्या किंवा नका देऊ, निकाल मात्र कळवा. निकाल कळवणारे विद्यार्थी सरांना पुढच्या वर्षी आठवतात.

माझे दोन ‘इंटरनॅशनल जर्नल’ पेपर आहेत. फायदा होईल?

पैसे भरून चार दिवसांत छापले असतील तर सीव्हीतून काढून टाका. नावात ‘इंटरनॅशनल’ असलेली अशी जर्नल्स समितीला पटकन ओळखू येतात, आणि मग बाकी सीव्हीकडेही संशयाने बघितलं जातं. यूजीसीने मान्य जर्नल्सची आपली केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे ‘केअर लिस्टेड’ हा शिक्का परदेशात तर नाहीच, आता इथेही सांगायला उरला नाही. बीईच्या विद्यार्थ्याकडे पेपर नसणं अगदी सामान्य आहे. प्रोजेक्टचा चांगला अहवाल आणि त्यातला एक नीट काढलेला आलेख पुरतो.

एसओपीची सुरुवात ‘लहानपणापासून मला’ अशी केली तर?

समितीने ती हजारदा वाचली आहे. प्रोजेक्टपासून सुरू करा. काय केलं, काय कळलं नाही, पुढे काय करायचंय आणि याच विभागात का. प्राध्यापकांची दोन-तीन नावं कारणासकट लिहा. मराठी माध्यमातून शिकलात, तालुक्याच्या गावातून आलात, घरात पहिले पदवीधर आहात, तर बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी वेगळं वैयक्तिक निवेदन असतं, ते तिथे लिहा. लपवू नका आणि त्याचं भांडवलही करू नका.

जीआरई, टोफेल लागतंच का?

जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकली किंवा ऐच्छिक केली. काही ठिकाणी गुण पाठवले तरी बघत नाहीत. म्हणून आधी यादी करा, मग वीस हजारांच्या वर फी भरायची की नाही ते ठरवा. परीक्षा सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत आली आहे. गुण पाच वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे दोन. टोफेलची पट्टी जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी झाली, त्यामुळे जुन्या ताईदादांचे १२० पैकी १०५ आणि तुमचे गुण ताडून बघत बसू नका. पदवी इंग्रजीतून असेल तर काही विद्यापीठं सूट देतात. त्यासाठी कॉलेजकडून माध्यमाचा दाखला घ्या.

नावाचा घोळ आधीच सोडवा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. परीक्षेची नोंदणी आणि सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणेच करा, नाहीतर परीक्षा केंद्राच्या दारातून परत पाठवतात.

एकूण खर्च किती? शिष्यवृत्ती?

एका अर्जाची फी साधारण ७५ ते १२५ डॉलर. दहा अर्ज आणि परीक्षा मिळून लाखाच्या पुढे जातं, अमेरिकेतल्या पीएचडीचा तोच तुमचा मोठा खर्च. प्रवेश मिळाला की फी माफ आणि वर स्टायपेंड, हे नेहमीचं आहे. पैसे नसतील तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला फीमाफीबद्दल विचारा. हा प्रश्न प्राध्यापकाला विचारायचा नसतो.

फी आणि राहण्याचा खर्च स्वतः करावा लागतो ते बहुधा मास्टर्सला. त्यासाठी जे. एन. टाटा एंडोमेंट, जे १८९२ पासून कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतं, आणि के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या तारखा आणि विद्यापीठाच्या तारखा जुळतीलच असं नाही, तेव्हा जात प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तहसील कार्यालयात ऐन वेळी काम होत नाही, हे सांगायला मी कशाला हवी? मोफत मार्गदर्शन हवं असेल तर यूएसआयईएफचं (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) मुंबईत कार्यालय आहे.

जर्मनीला जायचं असेल तर तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राला वेळ लागतो. १ नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ते सक्तीचं आहे.

कन्सल्टन्सीवाले म्हणतात आधी एमएस कर, पीएचडी नंतर.

त्यांना काही विद्यापीठांकडून एमएसच्या प्रवेशावर कमिशन मिळतं, पीएचडीवर सहसा नाही. यापुढचा हिशेब तुम्हीच करा. संशोधनाची खात्री नसेल तर एमएस हा योग्य रस्ता आहे, पण त्यासाठी चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज डोक्यावर घेताना तो निर्णय तुमचा असू द्या. अमेरिकेत बीईनंतर थेट पीएचडी करता येते. वर्गांवर आधारलेल्या एमएससाठी प्राध्यापकांना मेल करण्याची गरज नाही.

झूमवर मुलाखत आहे. काय विचारतील?

तुमचा प्रोजेक्ट दोन मिनिटांत सांगा म्हणतील. मग त्यातला एक आकडा धरून खोलात जातील. ‘हा तापमानाचा आकडा कुठून आला?’ याला ‘सरांनी सांगितला’ असं उत्तर देऊ नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि कसं शोधाल ते सांगा. तुम्हीही विचारा : लॅबमधून किती वर्षांत विद्यार्थी बाहेर पडतात, पैसे कुठून येतात, शिकवण्याचं काम किती. लाइट जाऊ शकते, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा.

मुदत १ डिसेंबर म्हणजे आपली कधी?

पूर्व किनाऱ्यावर रात्री ११:५९ म्हणजे आपले २ डिसेंबरचे सकाळी १०:२९. पश्चिम किनाऱ्यावरची तीच वेळ म्हणजे आपली दुपारी १:२९. पण कार्डाचा ओटीपी त्या सकाळीच येत नाही, म्हणून आदल्या आठवड्यात फी भरून टाका.

दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. कसं ठरवायचं आणि दुसऱ्यांना काय सांगायचं?

आर्थिक मदतीसह आलेला प्रस्ताव स्वीकारायला बहुतेक अमेरिकन विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत वेळ देतात, तसा त्यांचा आपसातला ठरावच आहे. त्याआधी घाई केली जात असेल तर नम्रपणे त्या तारखेची आठवण करून द्या. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, आरोग्य विमा कोण भरतं, विद्यापीठाचं शुल्क कापतात का, हे लेखी घ्या.

सगळ्यात उपयोगी माहिती लॅबच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांकडून मिळते. मेलवर कुणी वाईट लिहीत नाही, म्हणून फोनवर बोला. ‘सर कसे आहेत’ असं विचारलंत तर ‘छान’ हेच उत्तर येणार. ‘गेल्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी किती दिवस गेलात?’ असं विचारा. गेल्या पाच वर्षांत लॅब सोडून कोण गेलं, हेही विचारा.

नकार द्यायचा तिथे लगेच द्या. तुमची जागा प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी मिळते, आणि ती व्यक्ती तुमच्याच वर्गातली असू शकते. ज्या प्राध्यापकाशी बोलणं झालं होतं, त्यांना वेगळा मेल करा.

पदवीचं प्रमाणपत्र ऑगस्टपर्यंत मिळणार नाही. मग?

प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आणि शेवटच्या सेमिस्टरची गुणपत्रिका बहुतेक ठिकाणी तात्पुरती चालते, दीक्षांत समारंभानंतर मूळ प्रमाणपत्र द्यावं लागतं. ट्रान्सक्रिप्टचा (विद्यापीठाने दिलेल्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज मात्र निकालाची वाट न बघता आधीच करा, आणि जास्तीच्या सीलबंद प्रती घेऊन ठेवा. काही विद्यापीठं डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून तपासलेलं मागतात, तेव्हा कागद तुमच्या विद्यापीठाकडून थेट तिकडे जावे लागतात आणि त्यात महिने जाऊ शकतात. आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद, हातात आला की त्याच दिवशी व्हिसाच्या तारखा बघा. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नवीन मुलाखतींच्या तारखा काही आठवडे देणं बंद होतं. ज्यांनी आधीच तारीख घेतली होती, त्यांची मुलाखत ठरल्या दिवशी झाली.